अस्तराची बाजू

खोलीतल्या नव्या आडभिंतीच्या सांगाड्यावर जिप्समचा तिसरा बोर्ड बसवून मिस्त्रीने शेवटचा स्क्रू आवळला, हातावरची पांढरी भुकटी झटकली आणि विचारलं, "हं, मास्तर. बाकीचे बोर्ड कुठे ठेवलेत?"

"बाकीचा म्हणा. एकच आहे. कापताना वाया गेला तर असावा म्हणून घेतलेला."

मास्तर थट्टा करताहेत असं वाटून मिस्त्री हसला. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"अहो, भिंतीला दोन बाजू असतात ना? ही आतली झाली. बाहेरून काय लावू, माझं कपाळ?"

मास्तरांनी खिशातली वही काढली. हिशोब तर चोख होता. भिंत बारा फूट लांब, आठ फूट उंच. बोर्ड चार फूट रुंद, आठ फूट उंच. म्हणजे तीन उभे बोर्ड. दाराची जागा वजा केली तर थोडं उरतंच. तरीही खबरदारी म्हणून त्यांनी एक जास्त घेतला होता. "अंदाज कोणी काढला?" असं काल दुकानदाराने विचारलं, तेव्हा त्यांना ते कौतुकच वाटलं आणि त्यांनी मान ताठ करून "मीच" म्हणून सांगितलं होतं.

"चाळीस वर्षं कोट शिवलेत म्हणता," मिस्त्री म्हणाला, "आणि अस्तर लावून वरचं कापडच विसरलात?"

दीड वाजला होता आणि चार वाजता पाहणीच्या बाई यायच्या होत्या.

मुलगी वारल्यापासून पाच महिने त्यांची नऊ वर्षांची नात बालगृहात होती. मास्तरांनी तिला मागितलं, तेव्हा या बाई येऊन घर पाहून गेल्या. एकच मोठी खोली. तिच्यातच मशीन, इस्त्रीचं टेबल, कापडाचे तागे आणि मास्तरांची खाट. 'मुलीला दार लावून घेता येईल अशी स्वतंत्र खोली नाही,' एवढं लिहून बाईंनी कागद मिटला होता. आजची पाहणी शेवटची होती.

मास्तरांनी दुकानात फोन लावला. बोर्ड संपले होते, ट्रक सोमवारी येणार होता. दुसऱ्या दुकानात कोपरे तुटलेले दोन पडून होते, तेही सकाळीच कोणीतरी उचलले होते. तिसरीकडे नुसती घंटा वाजत राहिली.

"एक करू," मिस्त्री म्हणाला. "आतले काढतो आणि बाहेर लावतो. बाई आधी बाहेरूनच बघणार."

"आणि आत?"

"आत सांगाडा दिसेल. त्याला इलाज नाही."

मास्तर आत गेले. खाट जिथे ठेवायची, बरोबर तिथे उभं राहूनच त्यांनी माप घेतलं होतं. सकाळी डोळे उघडल्यावर तिला काय दिसेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. भिंतीपलीकडे आपणही राहणार आहोत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "आतलं राहू दे."

"मग बाहेरून कापड ताणा. कोटात घालता ते कडक कापड आहे की. वर पांढरा हात मारतो, बाईंच्या बापाला कळणार नाही."

हे मात्र मास्तरांना पटलं. त्यांनी ताग्यातून आठ फूट कापड फाडलं आणि खिळा मारायला हातोडी उचलली. उजव्या हाताला, दाराशी, मिस्त्री उरलेला बोर्ड बसवत होता. मास्तरांनी कापडाचं एक टोक चौकटीवर धरलं. मग मनात आलं, पोर पळत येईल, कापडाला पाठ टेकेल आणि पाठीमागे काहीच नसेल. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"काय झालं?"

"काही नाही. असंच राहू दे."

"मास्तर, पोर हातची जाईल!"

"हो," मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

बाई चारला पाच मिनिटं असतानाच आल्या. समोर आठ फूट उघडी चौकट होती. लाकडाच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यामधून दिसणाऱ्या बोर्डांच्या पाठी आणि त्यांच्यावर कारखान्याचे छापील आकडे.

"हे काय?"

मास्तरांनी चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, त्यातलं एक आठवेल तर शपथ. "मी एकच बाजू मोजली," ते म्हणाले. "तिची."

बाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मिस्त्री उगाच स्क्रू मोजत बसला. मग भिंतीवर आतून टकटक झाली.

"ऐकू येतंय?"

"येतंय," मास्तर म्हणाले.

"मग मशीनही ऐकू येईल. रात्री शिवता?"

"शिवायचो. आता नाही शिवणार."

बाई बाहेर आल्या. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, पण एक चौकोन कोराच ठेवला. "मंगळवारी तिला खोली दाखवायला आणते. पण ही बाजू तेव्हाही अशीच दिसली, तर माझ्या हातात काही उरणार नाही, आजोबा."

त्या गेल्यावर मास्तर तडक उठले. टेप लावून त्यांनी उघडी बाजू मोजली, वहीत 'दोन बोर्ड' लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. मग टेपचं टोक मिस्त्रीपुढे धरलं.

"मिस्त्री, तुम्हीच मोजा. माझ्या मापावर जाऊ नका."