समुद्राला थांबा नाही

बस डेपोत तेहतीस वर्षं वेळापत्रकं आखलेल्या माणसाने सहल ठरवायला घेतली, तेव्हाच बायकोने सावध व्हायला हवं होतं. पण ती बिचारी हरखली. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. "या वर्षीही नाही जमलं, तर मी धाकटीबरोबर जाणार," असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. धाकटी म्हणजे तिची बहीण. ती बॅग भरूनच बसली होती आणि आज संध्याकाळपर्यंत तिला हो की नाही ते कळवायचं होतं.

नवऱ्याला डेपोत सगळे मिनिटराव म्हणत. मिनिटरावांनी देश निवडला तो अगदी पारखून. बारा महिने ऊन, जिथे बघाल तिथे नारळाची झाडं, चार भाषा, सहा धर्म, गल्लीगणिक निराळी माणसं. कोणावर अन्याय नको म्हणून त्यांनी सगळ्यांना सारखा वेळ दिला. 'गाडी किती वाजता सुटते' हे वाक्य चारही भाषांत पाठ केलं. 'धन्यवाद' तेवढं राहून गेलं, पण त्यावाचून काही अडत नाही, असं त्यांचं मत पडलं.

दुपारी चारला त्यांनी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. आठ दिवस, बेचाळीस ठिकाणं. बायकोने चष्मा लावून एकेका ओळीवर बोट फिरवलं.

"अहो, समुद्र कुठाय?"

"हा काय! रोज आहे की. डाव्या हाताला."

समुद्रापुढे आठही दिवस एकच शेरा होता : थांबा नाही.

"म्हणजे हो काय?"

"म्हणजे खिडकीतून दिसतो. सलग पंचावन्न मिनिटं! उतरून करणार काय तिथे? ना दार, ना माहितीचा फलक."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढला, फोन उचलला आणि धाकटीचा नंबर लावला.

मिनिटरावांनी घाईघाईने तक्ता स्वतःकडे ओढला. "अगं, थांब! देतो ना थांबा. वीस मिनिटं?"

फोन वाजत होता.

"चाळीस? बरं, अख्खी सकाळ घे!"

"मला नुसतं बसायचंय हो," ती म्हणाली. "पाण्यात पाय सोडून. तुमच्या शेजारी. मन भरेपर्यंत."

"आणि नाही भरलं तर?"

"ताई? बोल ना," तिकडून धाकटी ओरडली.

मिनिटरावांनी खोडरबर घेतला. दुसऱ्या दिवसापासून पुढची सगळी ठिकाणं खोडली, धर्म-बिर्म सगळं. तिथे समुद्र लिहिला. 'सुटण्याची वेळ' या रकान्यात पेन्सिल जरा अडखळली. मग त्यांनी लिहिलं, 'हिला विचारून', आणि तक्ता तिच्यापुढे सरकवला.

तिने तो दोनदा वाचला.

"धाकटे, तुझं तू बघ गं. मी ह्यांच्याबरोबर चाललेय," ती म्हणाली आणि फोन ठेवून चक्क रडायला लागली.

मिनिटराव बावचळले. उठून तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून बसूनच राहिले.