पिंपात जाण्याआधी

दीपमालानं तोंडातला घोट गालांत घोळवला आणि बेसिनमध्ये थुंकला, तोच दार भिंतीवर आपटलं. दारात तिची माय, जाईबाई. मागे वॉचमन, अडवल्याचा पुरावा म्हणून तिच्या पिशवीचा बंद धरून.

जाईबाईच्या आवाजाला भिऊन गावातलं देशीचं दुकान रातोरात मूर्तिजापूरला पळालं, दारूबंदीचं मतदान नंतर झालं, असं गावात छातीठोक सांगतात. खरं म्हणजे बायांकडून आडव्या बाटलीवर शिक्के मारून घ्यायला तिनं दोन उन्हाळे चपला झिजवल्या होत्या. आणि तिचीच पोरगी अकोल्याच्या माल्टच्या कारखान्यात चाखणारी. भट्टीतून उतरलेली पाण्यासारखी बिनरंगी दारू लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरली की तिची व्हिस्की होते. पण ती पिंपात जायच्या लायकीची आहे का, हे दीपमालानं ठरवायचं.

"ज्या तोंडानं दारूले शिवणार नाही म्हून पाचवं शील घेतलं, त्याच तोंडात हे?"

"गिळत नाही मी, माय. थुकून टाकतो."

"गाव माह्या तोंडावर थुकून राहिलं, ते कोण पुसीन?" जाईबाईनं पिशवीतून कोरा कागद काढून टेबलावर आपटला. "लिही राजीनामा. नाही तं घरचा रस्ता विसर."

"नाही लिहत."

"पुण्या-मुंबईचे साहेब मेले काय सारे? तुलेच काहून ठेवलं इथं?"

"माह्यं नाक चुकत नाही म्हून."

"कुठून आणलं एवढं नाक?"

दीपमालानं ग्लास इतक्या जोरानं ठेवला की वॉचमननं पिशवीचा बंद सोडला.

"तूच देल्लं. बाबा आले का तू मले पुढं धाडे. जाय, पापी दे अन् वास घेऊन ये. देशी असली तं तू ताट वाढे. हातभट्टी असली का आपण मागच्या दारानं सुभद्रामावशीच्या घरी. पाच वर्साची होती मी. एक बारही चुकली नाही."

जाईबाई खुर्चीवर टेकली.

"एक खेप चुकली होती तू."

तिची जीभ वरच्या पडलेल्या दाताच्या खिंडीत गेली. ती खिंड विहिरीवर पाय घसरून पडल्याची, असं दीपमाला आजवर ऐकत आली होती.

"सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू पुन्हा पुढं गेली नसती."

पुढचा ग्लास भरून तयार होता. दीपमालानं तो उचलला, नाकाजवळ नेला, आणि तिचा हात तिथंच थांबला.

"वास नीट घे," जाईबाई म्हणाली. "घाई नको करू."