पाहुणा येणार म्हणून नटलेलं रान

पोरांनो, घडीभर असं समजा, की तुम्ही घाटनांदूरजवळच्या एका काळ्या रानाच्या बांधावर उभे आहात. पाऊस नुसता ओतून गेलाय. सोयाबीन आडवं झालंय, आत गुडघाभर चिखल, आणि दाण्यांना शेंगेतच कोंब फुटलेत. दिसलं? आता धोतर खोचून तिथं राबणारा म्हातारा बघा. तो आश्रुबा.

विम्याचा साहेब आज नुकसान बघायला येणार होता. त्यानं नुकसान लिहिलं तरच भरपाई, आणि भरपाई आली तरच ज्वारी पेरायला बियाणं. आश्रुबाला हे चांगलं ठाऊक होतं. पण पाहुणा येणार म्हणजे घरदार झाडूनपुसून ठेवायचं, ही त्याची हाडीमाशी मुरलेली सवय. त्यानं सकाळीच चर काढून बांधालगतच्या चार ओळींतलं पाणी काढून दिलं, पडलेली झाडं उभी करून बुडाला माती लावली, वर पिवळी पानंही खुडली.

त्याची बायको तुळजाबाई भाकरी घेऊन आली, ती बघतच राहिली. "अवो, कावून नटवायलात रानाला? साहेब नुकसान बघायला यायलाय, सोयरीक जुळवायला न्हाई!"

"मंग काय पाव्हन्याला घान दाखवू?"

दुपारी साहेब आला. बरोबर पंच म्हणून शेजारचा शहादेव. कुणाचं रान उजवं, यावरून दोघांची दर साली चुरस.

साहेब बांधावरूनच म्हणाला, "काका, हे तर बरं दिसतंय. किती गेलं म्हणता?"

"समदं गेलं," एवढंच आश्रुबाला बोलायचं होतं. तेवढ्यात शहादेव गालात हसला. "सांग की आश्रुबा, औंदा पार बसलास म्हून!"

"कोन बसलंय बे?" आश्रुबा तडकला. "साऱ्या शिवारात असं रान न्हाई, साहेब! माजं सोयाबीन लई जोमात हाय!"

साहेब मोबाइलवर टिपू लागला. तुळजाबाई मटकन खाली बसली. तिला बघून आश्रुबाला कळलं, आपण काय बोललो ते.

"साहेब, ऱ्हाऊ द्या, ते लिवू नका. मी येडा हाय. बढाई मारायची खोडच हाय मला. ह्या चार वळी बी मीच नटवल्या, आत समदं गेलंय."

शहादेव हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. खाली बघत तो पुटपुटला, "मी बी सकाळीच माज्या रानात बांधाकडचं तेवढं नीट करून आलतो."

साहेब वैतागला. "आधी जोमात म्हणता, आता गेलं म्हणता! या चिखलात मी बुटांनी कुठं जाऊ? इथून दिसतं तेच लिहिणार."

आश्रुबाची नात रोहिणी तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला, फ्रॉक खोचला आणि नटलेल्या चार ओळी ओलांडून सरळ आत शिरली. गुडघे बुडाल्यावर एक झाड उपटलं, कोंब लोंबणाऱ्या शेंगांसकट डोक्यावर धरलं आणि ओरडली, "साहेब, हितला फोटू काढा! आबाला इच्यारू नका, त्यो पुन्ना जोमात हाय म्हनंल!"

सगळ्यांत मोठ्यानं आश्रुबाच हसला. साहेबानं बूट काढले, पँट दुमडली. तोवर रोहिणी आणखी पुढं निघाली होती, जिथं चिखल तिच्या कमरेला लागणार होता.