शुक्रवारचा हात

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता एझ्रा पेणकरांनी लेकीपुढे हात केले आणि लेकीने ते घेतले नाहीत.

१९९६ सालचा ऑगस्ट. पेणच्या रामवाडीतल्या दोन खोल्यांच्या यहुदी घरात शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लागला होता, वाइनऐवजी मनुकांच्या पाण्यावर प्रार्थना म्हणून झाली होती. त्यानंतर या घरात एकमेकांना हात द्यायचा. वयाने मोठ्या माणसाने तळवे जोडून पुढे करायचे, समोरच्याने ते आपल्या हातांत धरायचे, मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची. एस्थरने नवऱ्याचा हात घेतला. सोळा वर्षांची रेचल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

“तिला बरं नाय,” एस्थर म्हणाली.

“ताप हाय?”

“ताप नाय.”

एझ्रा रोह्याला केमिकल कंपनीत होते. तिथेच खोली घेऊन राहायचे, सुट्टीला पेणला यायचे. रेचलचं कॉलेज सुटल्यात जमा आहे, ताट तसंच परत येतं, केसांना फणी लागत नाही, हे त्यांना एस्थरकडून तुकड्यातुकड्याने कळत होतं. त्यांनी त्याला आळस म्हटलं होतं.

शनिवार गेला. रविवारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी रेचलशी एकटीशी बोलून घेतलं, मग बापाला आत बोलावलं.

“हा मनाचा आजार आहे. पनवेलच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो, त्यांना दाखवा. तुम्ही बोलता तिच्याशी?”

“बोलतो की.”

“काय बोलता?”

“अभ्यास कर म्हणतो.”

“आणखी?”

एझ्रांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

परतताना रेचल पुढे चालत होती. एस्थरने आवाज खाली आणला. “दहावीचा निकाल लागला तो शुक्रवार आठवतो?”

आठवत होता. रेचलला बावन्न टक्के पडले होते. तिचा भाऊ रूबेन शाळेत पहिला यायचा. आता इस्रायलला होता. त्या संध्याकाळी एझ्रांनी एस्थरला हात दिला आणि रेचलला ओलांडून जेवायला बसले. एका शुक्रवारची शिक्षा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पुढचे सगळे शुक्रवार, परवाची सुट्टी मिळेपर्यंत, रात्री सुटणाऱ्या दुसऱ्या शिफ्टमध्ये गेले. शिक्षा संपली हे लेकीला सांगायचं राहूनच गेलं.

“ती म्हणते, बाबांनी मला घरातून काढलं.”

“असं मी म्हटलं कधी?”

“तुम्ही कशाला म्हणाल? तुम्ही कधी काय म्हणता?”

रोह्याच्या एसटीत एझ्रांना आपला बाप आठवला. गडब गावच्या घरी त्या बापाने, जेकबनेही, त्यांना असंच एकदा ओलांडलं होतं. पण शब्बाथ संपल्यावर रविवारी पहाटे बापाने हाक मारून घाण्यावर नेलं, तेल गाळताना मानेवर थाप मारली, आणि विषय मिटला. एझ्रांनी बापाकडून शिक्षा तेवढी उचलली होती. शिक्षा मिटवणारी ती पहाट उचलली नव्हती.

त्यांनी कंपनीत शिफ्ट लावणाऱ्या दत्तात्रेयकडे शुक्रवारची शिफ्ट बदलून मागितली.

“एझ्राभाऊ, शुक्रवार तुमचा, सोमवार शंकराचा, चतुर्थी गणपतीची. मग कंपनी काय भुतांनी चालवायची?”

“या एका शुक्रवारचं बघ.”

“जा. पण एकच हां.”

शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर एझ्रा खाटेजवळ जमिनीवर बसले आणि त्यांनी हात पुढे केले.

“घे असं नाय म्हणत. मी बसतो असाच.”

रेचल भिंतीशीच बोलली. “हात दुखतील.”

“दुखू देत.”

“आज शिफ्ट नव्हती?”

“बदलून घेतली.”

“आजच्यापुरती?”

खोटं सांगणं सोपं होतं. “आजच्यापुरती,” एझ्रा म्हणाले. “पुढचं विचारतो.”

एस्थरने ताटं वाढली तेव्हा एझ्रांचे हात पुढेच होते. रेचल वळली नव्हती, झोपलीही नव्हती.

पनवेलच्या डॉक्टरांनी बुधवारी बोलावलं आहे. पुढच्या शुक्रवारी एझ्रांची दुसरी शिफ्ट लागलेली आहे. दत्तात्रेयने अजून हो म्हटलेलं नाही.