समासातलं अक्षर

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मला कळतं. तरी प्रत्येक गोष्ट संपली की समासात, पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत मी एखादं वाक्य लिहितो. समोरासमोर कुणाला आपलं मत सांगायचं धाडस माझं कधी झालं नाही. पुस्तक परत करण्याआधी सगळं खोडून टाकतो.

त्या सोमवारी भयकथांचा एक जाडजूड संग्रह आणला. पहिल्या गोष्टीत एक माणूस गालिचा घ्यायचा म्हणून खोली मोजतो. दर वेळी खोली वीतभर मोठी भरते. शेवटी त्याच्या लक्षात येतं, की खोली कुणासाठी तरी जागा करते आहे. मला दरदरून घाम फुटला. पान उलटायला गेलो, तर समासात लिहिलेलं: ‘शेवट फार आधी कळतो.’

अक्षर माझं होतं.

चाळीस वर्षं मी औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या. बाकी सगळ्यात चुकत असेन, अक्षर ओळखण्यात नाही. तरी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दुसरी गोष्ट वाचली, पुन्हा हादरलो, आणि खाली माझंच: ‘ठीक. भीती वाटली नाही.’ पाचव्या गोष्टीपर्यंत भुतांकडे माझं लक्ष उरलं नव्हतं, नुसता समास बघत होतो. सातवीच्या शेवटी होतं, ‘हे मी आधी वाचलं आहे का?’

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच मी दारात. ग्रंथपाल बाईंनी संगणकात पाहिलं आणि हसल्या.

“काका, भुतांशी सोयरीक जमवताय की काय? तिसरी खेप आहे ही. मार्चमध्ये नेलंत, मग मेमध्ये.”

“मीच?”

“नाही, तुमचं भूत!”

मीही हसलो. म्हणजे दोनदा वाचलं होतं, आणि दुसऱ्या वेळी खोडायचंही राहिलं होतं.

रोज दुपारी दोन ते सहा माझी अडीच वर्षांची नात माझ्याकडे असते. मुलगी तेव्हा कामावर असते. घरात गॅस आहे, तिसऱ्या मजल्याची गॅलरी आहे, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. आख्खं पुस्तक विसरणारा माणूस दाराची कडी विसरणार नाही कशावरून? आजवर विसरलो असेन, तर ते मला कसं कळणार?

मुलगी आली तेव्हा कडेवर छकुली होती आणि दातांत केसांची पिन. काय बोलायचं ते मी सकाळपासून घोकत होतो.

“आज हिला ठेवू नकोस. मला विसरायला होतंय. एक पुस्तक पूर्ण विसरलो. दोनदा.”

पिन केसांत खोचत ती म्हणाली, “बाबा, गेल्या महिन्यात तुम्हाला हार्ट अटॅक येणार होता. त्याच्या आधी डोळे जाणार होते.”

“हे तसं नाही गं.”

“कुलूप तीनतीनदा ओढून बघता तुम्ही! तुमच्या हातून काय राहणार आहे डोंबल? आधी ती भुताटकी वाचायची बंद करा. आणि आता ऐन वेळी मी कुणाला शोधू? बस जाईल माझी.”

तिचं तरी काय चुकलं? जन्मभर मी ऊठसूट स्वतःवर संशय घेतला. आजचा संशय वेगळा आहे, हे तिला कसं पटावं?

ती गेली. मी गॅसचा नळ बंद केला, गोळ्या कपाटावर ठेवल्या, गॅलरीला कुलूप घातलं. छकुलीला तिचे ठोकळे दिले. जरा वेळानं खात्री करायला गेलो, तर गॅलरीचं दार सताड उघडं होतं. कुलूप कडीत लोंबत होतं आणि किल्ली माझ्याच मुठीत होती.

समोरच्या बाईंशी मी कधी बोललेलो नाही. जिन्यात दिसल्या तर मी भिंतीकडे सरकतो. पण आता लाजून भागणार नव्हतं. छकुलीला उचललं आणि त्यांची बेल दाबली. ‘माफ करा, आपली ओळख नाही, पण...’ एवढं वाक्य जुळवलं होतं.

दार उघडलं. बाई बाजूला झाल्या.

“या काका. आज लवकर?”

छकुली माझ्या अंगावरून सरसर उतरली, सोफ्याखाली हात घालून तिनं खेळण्यांचा एक डबा ओढला आणि फरशीवर फतकल मारून बसली. तो डबा तिथं असतो, हे तिला माहीत होतं.

माझा चेहरा पाहून बाई हळूच म्हणाल्या, “काळजी करू नका. तुमच्या मुलीजवळ मी एका शब्दानंही बोललेले नाही. तुम्हीच शपथ घातली होतीत ना.”

मी भिंतीला हात टेकला. ही शपथ मी कधी घातली, कुठल्या तोंडानं घातली, काही आठवेना.

“आत्ता फोन लावा तिला,” मी म्हणालो. “सगळं सांगा. आणि मी मध्येच नको म्हणालो, तर ऐकू नका माझं.”