दुकान वाढवतो

त्या दुष्काळात सिरसाळ्याच्या माणसांना खडी फोडायचं काम तरी होतं. जनावरांना कोणी वाली नव्हता. सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांनी भर बाजारात शब्द दिला होता, की सरकारी पेंड आपल्याच गाळ्यात उतरवीन, एकही बैल मरू देणार नाही. त्या गाळ्यात रुद्रप्पांचं किराणा दुकान होतं. भाडेकरार दिवाळीतच संपलेला, पण रुद्रप्पा हलेनात. आलेल्या नोटिशींत ते हळदीच्या पुड्या बांधतात, असं गाव म्हणे, आणि हे अर्जुनरावांना हसत हसत ऐकवायला गाव विसरत नसे.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी अर्जुनरावांनी शिपाई सटवाला शेवटचं विचारायला धाडलं. तो पडेल चेहऱ्याने परतला.

"काय म्हणला बे?"

"म्हणले, चेअरमनला सांग, उद्या सकाळी दुकान वाढवतो."

अर्जुनरावांच्या डोक्यात तिडीक गेली. खाली कर म्हटलं तर हा वाढवणार! अर्जुनराव म्हणजे जन्मभर बांधावरून भांडलेला माणूस; वाढवणं म्हणजे दुसऱ्याचा बांध कोरणं, एवढंच त्याच्या रागाला कळलं.

सकाळी चार गडी घेऊन ते पेठेत गेले. दुकानापुढे फळ्या रचलेल्या आणि बद्रीनाथ सुतार चौकटीशी ठोकाठोक करत होता. सुतारा, काय करतोस, एवढं विचारायला काय जात होतं? पण नाही. आश्रुबा गड्याने सुताराला लाथ घातली, गडी आत घुसले, डबे रस्त्यावर आले, मिठाचं पोतं फाटलं. अर्जुनरावांनी सुताराची पहार उचलली.

"अहो चेअरमन, मी वाढवतोच हाय न!" रुद्रप्पा हात जोडून आडवे आले. "कालच सांगून धाडलं, वाढवतो म्हणून!"

"आजूक वाढवतो म्हणतो बे?"

पहार कानशिलावर बसली. रुद्रप्पा गुडघ्यांवर आले, तशी दुसरी बसली. ते सांडलेल्या मिठावर पडले, तरी तिसरी बसलीच. तिची काहीएक गरज नव्हती. मीठ लाल होत गेलं.

मागच्या दारातून रुद्रप्पांची बायको शिवकांता धावत आली आणि पहारीला लोंबकळली. आश्रुबाने तिचा हात पिरगाळून तिला ओढलं. बांगडीच्या काचा खळकन पडल्या, मनगटातून रक्त आलं.

अर्जुनराव धापा टाकत होते. लहानपणापासून आईने लावलेली सवय तोंडातून निघून गेली.

"बाई, बांगडी वाढली तुमची."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांचा त्यांनाच ऐकू आला. बांगडी वाढते, दिवा वाढवतात. 'बंद' हा शब्द जिभेवर नको म्हणून पेठेतला प्रत्येक दुकानदार रोज संध्याकाळी दुकान वाढवतो. हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! त्यांनी फळ्यांकडे पाहिलं. त्यांवर डब्यांचे गोल डाग होते. म्हणजे सुतार मांडणी सोडवत होता. मागच्या दाराशी गाडी जुंपलेली, तीत ट्रंका आणि पाटा-वरवंटा.

शिवकांताने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. छाती हलत नव्हती. ती रडली नाही. तिने दुसरा हात अर्जुनरावांपुढे धरला. त्यातल्या बांगड्या शाबूत होत्या.

"ह्या राहिल्यात, चेअरमन," ती म्हणाली. "ह्या बी तुमीच वाढवा."