गाडी मागे घेताना

मिशनचा एक नियम होता. गाडी मागे घ्यायची तर दोघांपैकी एकाने खाली उतरायचं, मागे उभं राहायचं आणि वाट दाखवायची. गाडी काका चालवत, त्यामुळे उतरायची पाळी कायम बाईंवर. गुडघे कुरकुरत असले तरी दार उघडायचं, वळसा घालून मागे जायचं आणि आरोळी ठोकायची, "या, या, या... बस!"

जोडपं सत्तरीकडे झुकलेलं. काकांची हयात बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली होती आणि बाईंची शाळेत. परीक्षेला बाई वर्गावर असल्या की पोरांचे कॉपीचे कागद मोज्यातच राहायचे. पोरं पाठीमागे 'सीआयडी बाई' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडायचंही. निवृत्तीनंतर चर्चने दोघांना दीड वर्षाच्या सेवेसाठी परदेशी पाठवलं. दर बुधवारी गाडीने खाणीवरच्या वस्तीत जायचं, तिथल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं, प्रार्थना घ्यायची, परत यायचं. तिथली भाषा दोघांनी पोरांसारखी घोकून पाठ केली होती. अकरा महिने झाले होते. सात उरले होते.

आणि त्या सोमवारी अंगणात गाडी मागे घेताना काकांनी तळमजल्यावरच्या छोटीची तीनचाकी सायकल चिरडली.

सायकल डाव्या बाजूला उभी होती. बाईंनी हाताने दाखवलंही, तिकडून नको, इकडून या. तोंडाने 'या, या' चालूच होतं. काका सरळ आले. कडकड आवाज झाला आणि छोटीची आई किंचाळली. छोटी तिच्या कडेवर होती. नाक पुसायला म्हणून तिने पोरीला त्याच सायकलवरून नुकतंच उचललं होतं.

"ब्रेक लागला नाही," काका खाली उतरत म्हणाले. चेहरा पांढराफटक.

छोटीची आई पोरीला घट्ट धरून आत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी अपघाताचा अहवाल लिहायचा होता. काकांनी कागद बाईंकडे सरकवला. "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

बाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांच्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हटलं होतं. स्वतःच्या अक्षराचा केवढा तोरा! आणि आज एकाएकी कौतुक? कुठेतरी पाणी मुरत होतं. तरी काकांनी सांगितलं तसं त्यांनी लिहून दिलं: ब्रेक लागला नाही.

पण आधी संशय गेला तो मेकॅनिकवर. गेल्याच महिन्यात गाडी त्याच्याकडे होती. काम अर्धवट करून त्याने हात वर केले असणार. मंगळवारी बाईंनी त्याला घरी बोलावून गाडी गॅरेजला न्यायला लावली, स्वतः शेजारी बसल्या आणि तिथे स्टूल टाकून समोर पहारा दिला. मेकॅनिकने चाकं काढली, बसवली आणि चौकाला एक फेरी मारून आला.

"ब्रेक एकदम उत्तम आहेत, बाई."

"मग लागला कसा नाही?"

त्याने फडक्याला हात पुसले, जरा जास्तच वेळ पुसले. "पुढच्या वेळी काकांना घेऊन या. ते चालवताना मला बघायचंय."

"त्यांना कशाला?"

"असंच."

'असंच' म्हणणाऱ्यांना बाईंनी तीस वर्षं बाकावर उभं केलं होतं. हा माणूस काहीतरी लपवतोय, असं पुटपुटत त्या घरी आल्या. जिना चढताना मात्र मनात वेगळीच पाल चुकचुकली. लपवतोय खरा, पण हा की दुसराच कोणी?

मागचं एकेक आठवू लागलं. चौथ्या महिन्यात काकांनी त्यांना भलत्याच लाँचमध्ये बसवलं होतं आणि दोघांनी अख्खा दिवस एका बेटावर, बर्फाच्या कारखान्याच्या दारात, ट्रंकेवर बसून काढला होता. तिथल्या रखवालदाराने त्यांना नव्या नोकरीला आलेली माणसं समजून हजेरीत घेतलं, यावर दोघं आठवडाभर हसली होती. मग हिरव्या बसऐवजी निळी बस. मग एक स्टेशन आधीच उतरणं. प्रत्येक वेळी काका म्हणत, "पाटी चुकीची लावलीय लेकाच्यांनी." नकाशे काढणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर पाटीच चुकीची, यावर बाईंनी विश्वास ठेवला होता. ठेवायचा म्हणून ठेवला होता.

त्या रात्रीच्या जेवणापासून पर्यवेक्षण सुरू झालं. काका पाणी ओतताना पेल्याच्या काठावर बोट अडकवून धरत. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली गेली, तरी गाणं अडखळलं नाही. डावीकडे ठेवलेली मिठाची वाटी त्यांनी मागितली. ती हाताशीच होती.



बुधवारी सकाळी खाणीवर निघायच्या आधी बाई खाली गेल्या, तळमजल्याचं दार बंद आहे का ते पाहिलं, आतून छोटीचा आवाज ऐकला, अंगणात चहूकडे नजर फिरवली. मग गाडीच्या मागे, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, मधोमध उभ्या राहिल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. आणि त्यानंतर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फक्त दोन्ही हात वर केले. थांबा.

गाडी आली. दहा पावलं उरली, सहा उरली. आरशात काकांचा चेहरा स्पष्ट दिसत होता, मान किंचित तिरकी, कान दिलेला. तीन उरली, मग एकच. बाईंनी दोन्ही तळवे डिकीवर दाणकन आपटले.

गाडी जागच्या जागी थांबली. ब्रेक खरंच उत्तम होते.

"बोलली का नाहीस?" काका आतून ओरडले.

बाई चालत खिडकीशी आल्या. "मी कुठे उभी होते?"

"मागे."

"मागे कुठे? हात कुठे होते माझे?"

"आता उलटतपासणी घेणार का?"

"घेणार."

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "उजवा डोळा गेलाय. दोन वर्षं झाली. डाव्याने नळीतून बघावं तसं दिसतं. समोरचं बरं दिसतं, बाजूचं नाही."

"आणि डॉक्टरचा दाखला? निघताना डोळे तपासले होते ना?"

"तुझा नंबर आधी होता." काका खालच्या आवाजात म्हणाले. "तू तक्ता वाचलास, खणखणीत, वर्गात वाचायचीस तसा. मी बाहेर बाकावर बसून पाठ केला. शेवटच्या ओळीत दोन अक्षरं मुद्दाम चुकवली. सगळंच बरोबर आलं असतं तर संशय आला असता."

जन्मभर लोकांच्या पोरांची कॉपी पकडली आणि घरच्या माणसाने त्यांच्याच तोंडून ऐकून पेपर सोडवला! दुसऱ्या कुठल्या दिवशी बाई पोट धरून हसल्या असत्या.

"सातच महिने राहिलेत गं," काका म्हणाले. "रस्ता पाठ आहे मला. तू बोलत राहा, मी चालवतो. घरी गेलो की मुलगा खुर्चीत बसवेल आणि सून हाताला धरून बाथरूमपर्यंत नेईल. इथे निदान कोणीतरी माझी वाट बघतं."

"आणि छोटी?"

 बाईंनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

ऑफिसला फोन त्यांनी अंगणातूनच केला. अहवालात ब्रेकचं लिहिलंय ते खोटं आहे, म्हणाल्या, आणि खरं काय ते सांगितलं. पलीकडून सेक्रेटरी म्हणाला, दुपारी माणूस येऊन गाडी घेऊन जाईल, बाकीचं वरिष्ठांशी बोलून कळवतो. 'बाकीचं' म्हणजे काय ते बाईंना न विचारता कळलं. खाणीवर आज बायका पाट्या मांडून बसल्या असतील. त्यांनाही निरोप द्यायला हवा होता.

मग त्यांनी काकांचा दंड धरला आणि तळमजल्याचं दार वाजवलं.

छोटीची आई दार अर्धंच उघडून उभी राहिली. काकांनी सगळं स्वतः सांगितलं. घोकलेल्या भाषेत चुका करत, पण काही वगळलं नाही. ब्रेकला दोष नव्हता. मला दिसलं नाही. मला दिसत नाही.

तिने ऐकून घेतलं. मग तिने काकांवरची नजर उचलली आणि बाईंवर रोखली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आज कळलं," काका घाईने म्हणाले. "तिला आजच—"

"मी त्यांना विचारतेय."

बाईंनी लाँच आठवली. धक्क्यावर काकांनी वेळापत्रकाच्या फळीला जवळजवळ नाक लावलं होतं. ते त्यांनी पाहिलं होतं आणि नजर समुद्राकडे वळवली होती. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नव्हतं.

"संशय होता," त्या म्हणाल्या. "सात महिन्यांपासून."

"आणि तरी तुम्ही त्यांना रोज गाडी चालवू दिलीत."

"हो."

आतून छोटी धावत आली आणि आईच्या पायामागून डोकावली. आईने तिला हाताने मागे सारलं. "गाडी कुठे आहे आता?"

"अंगणात. किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी न्यायला येतील."

"तोवर मी हिला बाहेर सोडणार नाही," ती म्हणाली आणि दार लावलं. कडी सरकली. मग वरची दुसरी.

 बाई त्यांना जिन्याच्या पायरीवर बसवून अंगणात गेल्या आणि गाडीला टेकून उभ्या राहिल्या, किल्ली मुठीत. ऊन चढलं. कोणी आलं नाही.

"अगं, सावलीत येऊन बस की," काकांनी पायरीवरून हाक मारली. "मी काय गाडी घेऊन पळतोय?"

"तुमचा भरवसा नाही," बाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.